आतली कडा

कारेलीबागेतल्या इस्पितळात, रात्रपाळीला,
मी एक्स-रे काढतो.
अकरा वाजून दहा मिनिटं. द्युती शिर्के, वय चौदा महिने,
बापाच्या शालीत गुंडाळलेली,
लाळ थांबत नव्हती.

"नाणं गिळलंय," आई म्हणाली. "रुपयाचं असेल.
देवासमोर खेळत होती."
"केळं कुस्करून दिलं होतं, तेही ओकली," आत्या म्हणाली,
"पण उतरेल सकाळपर्यंत. आमच्याकडे सगळ्या पोरांची उतरली."

खरंय. मीही उतरवलेत चार आणे,
एक्क्याऐंशी साली, केळ्यांच्या जोरावर.
आईने दोन दिवस काडीने शोधले,
धुतले, आणि त्यांचं मीठ आणलं.

बापाने डोकं धरलं, कल्याणीने पाय.
मी म्हणालो, हलू नका.
तिला नाही, त्यांना.

पडद्यावर गोल आलं. पांढरं.
गळ्याच्या हाडांच्या बरोबर मध्ये.
नाणंच, असं कोणीही म्हणालं असतं,
माझ्याही ओठांवर आलं होतं.
तेवढ्यात वर्तुळाच्या आत दिसलं
आणखी एक वर्तुळ,
ताटाला असते तशी बारीक कड.

नाण्याला आतली कडा नसते.

बाजूने दुसरा फोटो काढला.
त्यात पायरी दिसली, नखाएवढी.
मी जिन्याच्या चोवीस पायऱ्या कशा उतरलो
आठवत नाही.

डॉक्टर अमीन एवढंच विचारत होते: "किती वाजता?"
कोणाला ठाऊक नव्हतं.
आरती साडेआठला झाली, मग पाहुणे,
मग कोणीतरी म्हणालं, ही जेवत का नाही?

सेल फुटावा लागत नाही.
ओल लागली की पुरे.
पानात चुना जास्त झाला की जीभ सोलवटते ना,
तसा तो चुना तिथेच तयार होत राहतो
एका जागी, मिनिटामागून मिनिट,
आणि थुंकता येत नाही.

घरी काकाने पणत्या मोजल्या.
मंगळबाजारातून आणलेल्या, प्लास्टिकच्या, डझनाच्या पाकिटातल्या.
अकरा लुकलुकत होत्या.
बारावीचं बूड उघडं,
स्क्रू आणला तेव्हापासूनच नव्हता.

"पण ती तर लागतच नव्हती," बाप फोनवर ओरडला.
"मेलेला सेल होता तो! मेलेला!"

विश्वामित्रीच्या गाळात मगर पडलेली असते,
पुलावरची माणसं म्हणतात, ओंडका आहे.

पावणेदोनला तो स्टीलच्या वाटीत पडला. टण्.
एक बाजू काळी ठिक्कर.
कांतिभाईने हात जोडले. मी कल्याणीकडे बघून हसलो,
आणि डॉक्टरांनी माझ्याकडे असं पाहिलं
की हसू तिथेच मिटलं.
"निघालाय," ते म्हणाले, "भाजणं थांबलंय असं नाही."

आज सतरावा दिवस. नाकातून नळी.
रडते तेव्हा आवाज दाराच्या बिजागरीसारखा.
मला ओळखते आता. माझं यंत्र दिसलं
की तोंड फिरवते भिंतीकडे.
कल्याणी रोज विचारते, "आज काय दिसतं?"
मी सांगतो, वर डॉक्टर सांगतील.

घरी आलो. आई जागी होती.
कोल्ड क्रीमचा जुना डबा तिच्या कपाटात,
घड्याळांचे, रिमोटचे, माझ्या मुलाच्या गाणाऱ्या कार्डाचे,
सगळे संपलेले सेल त्यात, सोळा वर्षांचे.
मी झाकणाला चिकटपट्टी गुंडाळायला लागलो,
तशी ती म्हणाली,
"टाकू नकोस रे. असेल अजून थोडा जीव त्यांत."

आहे, आई.
तेच तर.